डावा बूट

जानेवारीचा पहिला आठवडा प्रार्थनेचा, आमच्या नेआफूत.
पहाटे उपासना, संध्याकाळी उपासना,
आणि प्रत्येक उपासनेनंतर
माडाच्या झावळीवर आडवं पडलेलं अख्खं डुक्कर.
त्याच आठवड्यात, प्रभू, मी तुला शब्द दिला.
तोंडात घास होता तेव्हा.
तू हसला असशील.

शब्द तसा साधाच :
मेंढीची चरबी नाही, डब्यातलं खारं मांस नाही,
नारळाच्या दुधातला अळू फक्त रविवारी,
आणि रोज पहाटे चर्चभोवती दहा फेऱ्या.
वजनकाट्यापाशी बसते त्या नर्सला दिला असता,
पण तिची बदली होते.
तुझी होत नाही.

बूट तोमासीचे घातले. माझ्या भावाचे.
साखरेनं त्याचा डावा पाय नेला, गुडघ्याखालून,
त्याच आठवड्यात हे बूट आले होते, ऑकलंडच्या पुतण्याकडून.
मग दोन वर्षं कुबड्यांवर एकटा उजवा वापरला त्यानं,
झिजून भाकरीसारखा पातळ झाला तो.
डावा कोरा. तळाला किमतीची चिठ्ठीसुद्धा.
आता खुर्ची आहे चाकांची.
‘एवढे पैसे पडलेत पोराचे,’ तोमासी म्हणाला,
‘कालोलाइने, कुणीतरी चालव त्याला.’

म्हणून मी निघते. अंधार असतो.
फट्, धप. फट्, धप.
एक पाऊल म्हातारं, एक कालच जन्मलेलं.
खिडकीशी बसून तोमासी फेऱ्या मोजतो,
प्रत्येक फेरीला एक शिंपला या वाटीतून त्या वाटीत,
आणि मधल्या वेळात माझ्यासाठी प्रार्थना,
मोठ्यानं, म्हणजे मला लाज वाटावी.

नवव्या दिवशी शब्द मोडला.
मावशी गेली. तीन रात्री तिच्या अंगणात चूल विझली नाही.
वहिनी फुसीनं पान वाढलं, दोन्ही हातांनी.
आमच्याकडे प्रेम ओंजळीनं मोजतात
आणि ओंजळी मोठ्या आहेत आमच्या.
नको म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या दारात
जिवंत माणसाचा हात झटकणं.
खाल्लं मी. पुन्हा खाल्लं.
तिसऱ्यांदा कुणी वाढलंही नव्हतं.

मग चार दिवस बूट दाराबाहेर.
पाचव्या सकाळी तोमासीची आरोळी :
‘कालोलाइने, ही माझा पाय उबवतेय की काय?’
डाव्या बुटात कोंबडी. तिच्याखाली अंडं.

उकडून खाल्लं ते, मीठ न घालता,
आणि तिथंच पायरीवर बसून तुझ्याशी बोलले.
बळ नाही मागितलं या वेळी.
बळ भरपूर आहे, एकशे सहा किलो.
एवढंच म्हटलं, फुसीला कसं सांगू ते सांग.
तू गप्प होतास.
तुझं ते नेहमीचंच.

मग बूट हातात घेऊन तिच्या दाराशी गेले.
उजवा दाखवला. डावा दाखवला.
म्हटलं, फुसी, मला भीती वाटते.
तिनं ओल्या हातांनी डावा उलटा करून बघितला,
किमतीची चिठ्ठी खरवडून काढली नखानं,
आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी टोपली आली, नेहमीसारखी, पानानं झाकलेली.
पपई. उकडलेला सुरण. भाजलेला मासा, बांगड्याएवढा.
आणि एका कोपऱ्यात, पानात गुंडाळून,
अंगठ्याएवढा चरबीचा तुकडा.
तो मी कोंबडीला टाकला, हे खरं नाही.
तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू?

रविवारी चालत नाही मी. गावाला आवडत नाही ते,
आणि गुडघ्यांनाही.
बाकीचे सहा दिवस मात्र : फट्, धप.
आता ‘फट्’ आणि ‘धप’ जवळ येऊ लागलेत एकमेकांच्या.
आज अकरा फेऱ्या झाल्या. शिंपले दहाच सरकले होते.
‘दहा माझ्या डाव्याच्या,’ तोमासी म्हणाला.
‘अकरावी तुझी तू मोज.’

टाचेकडून झिजायला लागलाय तो, प्रभू.
मी बूट काढले की तोमासी उचलतो,
अंगठा फिरवून बघतो तळावरून,
आणि उन्हात ठेवतो.